वडिलांचा पाच वर्षं जुना फोन: बॅटरी बदलायची की एक्स्चेंजला द्यायचा?

बागायतदार_तासगाव

मंडळी, वडिलांच्या फोनबद्दल सल्ला हवाय. ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, अँड्रॉइड ११. चार्जिंग दुपारपर्यंत संपतं, व्हॉट्सअ‍ॅप उघडायला वेळ लागतो, आणि 'स्टोरेज फुल' तर रोजचंच. स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात बारीक तडा आहे, बाकी ठीक.

सांगलीतल्या एका दुकानात १४,९९९ च्या नव्या फोनवर जुन्याचे १,८०० लावतायत. ऑनलाइन नव्याची किंमत तीच, जुन्याचेही १,८००च, पण वर १,००० 'बोनस' दाखवतंय.

बॅटरी बदलून अजून दोन वर्षं निघतील का? नाहीतर एक्स्चेंज दुकानात करावा की ऑनलाइन? आणि मुख्य काळजी वेगळीच आहे. फवारणीची वेळापत्रकं, बेदाण्याच्या सौद्यांचे मेसेज, औषध दुकानाला जाणारं यूपीआय, सगळं त्या एका फोनमध्ये आहे. ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर यातलं काही गेलं तर आधी माझी छाटणी होईल.

---

मिरजकर

दोन दुखणी एकत्र सांगितलीत, ती आधी वेगळी करा.

बॅटरीचं असं बघा. रात्री १०० टक्के करून फोन विमान मोडवर टाका. सकाळपर्यंत दोन-चार टक्के उतरली तर बॅटरी बरी आहे आणि दिवसा चार्ज खाणारं दुसरंच काहीतरी आहे. बागेत रेंज कमी असेल तर फोन सारखा टॉवर शोधत बसतो आणि त्यातच चार्ज जातो. हे नव्या फोनलाही होणार. उलट ३०-४० टक्के दाखवत असताना कॅमेरा उघडला की फोन बंद पडत असेल, तर बॅटरी गेली समजा. जुन्या सेलचा आतला रोध वाढतो, एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज खाली बसतं आणि फोन मान टाकतो.

व्हॉट्सअ‍ॅप हळू उघडतं ते मात्र स्टोरेजमुळे. ६४ मधली बरीचशी जागा सिस्टीम आणि अ‍ॅप्सच घेतात, आणि मोकळी जागा पाच-सहा जीबीच्या खाली गेली की लिहिणं-पुसणं मंदावतं. व्हॉट्सअ‍ॅप > सेटिंग्ज > स्टोरेज अँड डेटा > मॅनेज स्टोरेज इथे जा. '५ एमबीपेक्षा मोठ्या' आणि 'अनेकदा फॉरवर्ड झालेल्या' अशा दोन गठड्या दिसतील. सुप्रभातचे व्हिडिओ बहुतेक दुसऱ्या गठडीत असतात. तेवढे काढले तरी फोनला धाप लागायची थांबते.

बॅटरी बसवण्यासकट हजार-दीड हजारात होते, मॉडेलवर अवलंबून. बहुतेक फोनमध्ये ती मागचं झाकण गरम करून उघडून बदलतात, त्यामुळे तुमच्या तड्याचा संबंध येत नाही. तरी फोन देण्याआधी टच, दोन्ही कॅमेरे आणि चार्जिंग दुकानदारासमोर चालवून दाखवा, घेताना पुन्हा तेच करा. झाकणाचा डिंक एकदा निघाला की पाण्यापासूनचं संरक्षण पहिल्यासारखं राहत नाही. फवारणीत खिशात राहणारा फोन आहे, हे ध्यानात ठेवा.

दोन वर्षं बॅटरी काढेल, फोन काढेल का ते दुसऱ्या आकड्यावर ठरतं. सेटिंग्ज > अबाउट फोन > अँड्रॉइड व्हर्जन यात 'सिक्युरिटी अपडेट'ची तारीख बघा. ती दोन वर्षांपूर्वीची असेल तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार करू नयेत. अँड्रॉइड ११ वर अडकलेल्या फोनची तारीख बहुधा तशीच निघते. माझं मत: बदला.

---

कृष्णाकाठ

बदलणार असाल तर ऑनलाइन एक्स्चेंजमधली एक मेख आधी समजून घ्या. नवा फोन घेऊन येणारा माणूस जुना त्याच वेळी, दारातच घेऊन जातो. नव्यात काही हलवायला तुम्हाला मिळतात पाच-दहा मिनिटं, तीही तो घड्याळ बघत असताना. रिसेट त्याच्यासमोरच करावा लागतो. १,००० चा बोनस या घाईचा आहे म्हणा. जुना फोन नव्याच्या शेजारी निदान दोन दिवस घरात राहिला पाहिजे.

क्रम असा ठेवा.

नंबर. कॉन्टॅक्ट कुठे सेव्ह आहेत ते बघा: सिममध्ये, फोनमध्ये की गूगल खात्यात. 'फोन'मध्ये असलेले आपोआप नव्यात येत नाहीत. कॉन्टॅक्ट अ‍ॅपमधून एक्स्पोर्ट करा, व्हीसीएफ फाइल तयार होते, ती नव्या फोनवर पाठवून उघडली की झालं. सिमवर अवलंबून राहू नका. तिथे साधारण अडीचशेच नावं मावतात आणि लांब नावांची शेपटी कापली जाते. 'पाटील औषधवाले तासगाव'चं नुसतं 'पाटील' झालं की बसा शोधत.

व्हॉट्सअ‍ॅप. दोन्ही फोन अँड्रॉइड असतील तर गूगल ड्राइव्हच्या भानगडीत पडायची गरज नाही. जुन्यात सेटिंग्ज > चॅट्स > ट्रान्सफर चॅट्स. नव्यात व्हॉट्सअ‍ॅप टाकून तोच नंबर टाका, ओटीपी द्या, 'जुन्या फोनवरून आणा' निवडा. नव्यावर क्यूआर कोड येतो, तो जुन्याने स्कॅन करायचा. दोन्हीकडे वायफाय आणि लोकेशन चालू हवं, दोन्ही चार्जरला लावलेले बरे. फोटो-व्हिडिओंसकट सगळं थेट जातं. मध्येच स्क्रीन बंद होऊ देऊ नका, तुटतं ते तिथेच.

ड्राइव्हवरचा बॅकअप जोडीला असू द्या, पण तीन गोष्टी तपासा. तो आता गूगलच्या १५ जीबीत मोजला जातो, म्हणजे जीमेल आणि फोटोंनी जागा भरली असेल तर गपचूप थांबलेला असू शकतो, तेव्हा शेवटच्या बॅकअपची तारीख वाचा. त्यात व्हिडिओ घ्यायचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. आणि 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप' चालू असेल तर त्याचा पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली हातात हवी. ती नसेल तर तो बॅकअप कोणालाच उघडता येत नाही.

फोटो. गूगल फोटोजमध्ये बॅकअप पूर्ण दिसला तरी तो मुख्यतः कॅमेऱ्याचा असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोंचा फोल्डर 'डिव्हाइस फोल्डर्स'मध्ये वेगळा चालू करावा लागतो. मेमरी कार्ड असेल तर ते 'इंटर्नल' म्हणून फॉरमॅट केलंय का बघा. तसं असेल तर नवा फोन ते वाचणारच नाही, आतला माल आधी बाहेर काढा.

यूपीआय. इथे लोक सर्वांत जास्त अडकतात. जुन्या फोनवर यूपीआय लाइट (पिन न टाकता छोट्या रकमा द्यायची सोय) वापरत असाल तर ते आधी बंद करा, शिल्लक खात्यात परत येते. लाइटचे पैसे त्या फोनशी बांधलेले असतात. मग बँकेत नोंदवलेलं सिम नव्या फोनमध्ये टाका, अ‍ॅप चालू करताना ते सिम निवडा. अ‍ॅप त्या सिमवरून बँकेकडे एक एसएमएस पाठवतं, त्यावरूनच ओळख पटते. रिचार्ज संपलेलं असेल किंवा पॅकमध्ये एसएमएस नसतील तर तो जातच नाही, आणि आपण अ‍ॅपला शिव्या देत बसतो. पिन तोच चालतो, तो खात्याचा असतो, फोनचा नव्हे.

फोन बदलल्यावर पहिले २४ तास यूपीआयची मर्यादा ५,००० रुपये असते, आयफोनवर ७२ तास. औषध दुकानाचं मोठं बिल त्या दिवशी ठेवू नका.

त्याच दिवशी सिमही बदलू नका. नवं सिम किंवा ई-सिम घेतलं की २४ तास एसएमएस बंद राहतात, येणारे आणि जाणारेही. ओटीपी नाही, यूपीआयची नोंदणी नाही. सिम बदलायचंच असेल तर ते काम फोनच्या दोन दिवस आधी उरका.

---

बागायतदार_तासगाव

दारात घेऊन जातात हे डोक्यातच आलं नव्हतं, मग ऑनलाइन बाद. पण एक अडचण आहे. वडिलांचं जीमेल फोन घेताना दुकानदारानेच काढून दिलं होतं. पासवर्ड घरात कोणालाच माहीत नाही. रिसेट केला तर चालेल ना?

---

कृष्णाकाठ

चालणार नाही, थांबा! ही आपल्याकडची घरोघरची गोष्ट आहे.

अँड्रॉइड ५.१ पासून फोनमध्ये एक कुलूप असतं. खातं न काढता बटणं दाबून, म्हणजे रिकव्हरीतून रिसेट केला, तर फोन सुरू होताना जुन्याच जीमेलचा पासवर्ड मागतो. तो दिला नाही तर पुढे जात नाही. असा फोन एक्स्चेंजमध्ये घेत नाहीत, घेतलाच तर सुट्या भागांच्या भावाने.

तुमचा फोन अजून लॉगिन आहे, हीच संधी. सेटिंग्ज > गूगल > खाते व्यवस्थापन > सुरक्षा इथे जाऊन आधी रिकव्हरी नंबर बघा. तो त्या दुकानदाराचा निघाला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. वडिलांचा टाका. मग 'पासवर्ड विसरलो'. त्याच फोनवर 'हे तुम्हीच का' असं विचारलं जातं, 'होय' दाबून नवा पासवर्ड ठेवा आणि वहीत लिहा. त्यानंतर एक दिवस थांबा, पासवर्ड बदलल्या-बदल्या रिसेट केलेल्या फोनवर लॉगिन अडू शकतं.

सगळं नव्यावर चालतंय याची खात्री झाली की जुन्यातून सिम आणि कार्ड काढा, स्क्रीन लॉक बंद करा, सेटिंग्ज > अकाउंट्समधून गूगल आणि फोनच्या कंपनीचं खातं दोन्ही काढा, मगच सेटिंग्जमधून 'इरेज ऑल डेटा'. तुमच्या फोनच्या वयाच्या फोनमध्ये माहिती एन्क्रिप्ट केलेली असते, रिसेटमध्ये तिची किल्लीच नष्ट होते. 'डेटा पूर्ण पुसून देतो' म्हणून वेगळे पैसे कोणी मागितले तर देऊ नका.

---

पोवई_नाका

साताऱ्याहून थोडा हिशेब.

दुकानात विचारताना एकच प्रश्न विचारा: 'जुना फोन दिला नाही आणि रोख दिले तर कितीला?' १४,९९९ चा फोन १४,००० ला मिळत असेल तर जुन्याची खरी किंमत ८०० ठरते, १,८०० नव्हे. ऑनलाइन बोनस पुष्कळदा कार्डाच्या सवलतीबरोबर चालत नाही, शेवटच्या पानापर्यंत जाऊन दोन्ही एकत्र लागतात का बघा.

'नो कॉस्ट ईएमआय'चंही तसंच. व्याज किमतीतून वजा दाखवतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच माथी येतो. १४,९९९ सहा हप्त्यांत, दर १५ टक्के धरला तर व्याज साधारण ६३५ आणि त्यावर कर ११४. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर करासह २३५. म्हणजे 'नो कॉस्ट'ची कॉस्ट साडेतीनशेच्या घरात.

खोक्यावर 'रॅम १२ जीबीपर्यंत' लिहिलंय का? त्यातले निम्मे बहुधा स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात, ते खऱ्या रॅमच्या वेगाने चालत नाहीत. खरे ६ आणि स्टोरेज १२८ घ्या. अँड्रॉइड आणि सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार ते कंपनीच्या साइटवर वाचा, यात त्याच किमतीच्या फोनमध्ये मोठा फरक असतो. आणि दुकानाबाहेर उन्हात नेऊन स्क्रीन बघा. ई-पीक पाहणीचा फोटो शेतात उभं राहून काढायचा असतो, एसीत नव्हे.

बिल पक्कंच घ्या. 'बिल नको असेल तर पाचशे कमी' हा सौदा करू नका. फोनवर १८ टक्के जीएसटी आहे, १४,९९९ मधले २,२८८ तेच. बिलावरचा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), खोक्यावरचा आणि *#०६# दाबून दिसणारा, तिन्ही एकच हवेत. ड्युअल सिमचे दोन क्रमांक असतात, दोन्ही जुळवा. सील तुमच्यासमोर फोडायला लावा. इंग्रजीत KYM, एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवला की तो क्रमांक कोणत्या मॉडेलचा आहे ते येतं. पुढे फोन चोरीला गेला तर संचार साथी या सरकारी पोर्टलवर तो ब्लॉक करताना पोलीस तक्रारीबरोबर हेच बिल लागतं.

---

मिरजकर

१,८०० मध्ये फोन देण्यापेक्षा घरी ठेवा, असं मी म्हणेन. हजार-दीड हजारांची बॅटरी टाकून ओटीपी आणि मुलांच्या अभ्यासाला चालतो. बँकेचं अ‍ॅप तेवढं त्यात ठेवू नका.

मात्र मागचं झाकण फुगलेलं दिसलं, किंवा टेबलावर ठेवून फिरवल्यावर फोन भिंगरीसारखा फिरला, तर बॅटरी फुगली आहे. चार्ज करू नका, दाबू नका, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. दुरुस्तीवाल्याकडून काढून ई-कचऱ्यात द्या.

---

बागायतदार_तासगाव

सिक्युरिटी अपडेटची तारीख बघितली, २०२२ ची आहे. म्हणजे बदलायचाच. नवा दुकानातून रोखीने. पण जुना घरी पडून राहील असं वाटत नाही, ओळखीतला एकजण २,५०० द्यायला तयार आहे. परस्पर विकला तर काही अडचण?

---

पोवई_नाका

विका, पण कागद करा. साध्या कागदावर तारीख, मॉडेल, दोन्ही आयएमईआय, रक्कम आणि दोघांच्या सह्या. घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत मागच्या बाजूला, एक कागद तुमच्याकडे, एक त्याच्याकडे. फोन पुढे कोणाच्या हातात जाईल सांगता येत नाही, आणि आयएमईआयवरून माग काढत आले तर पहिलं नाव तुमच्या वडिलांचं निघेल. मूळ बिल असेल तर त्याची प्रत द्या, अस्सल जवळ ठेवा. आणि तो मूळ फायनान्सवर घेतलेला असेल तर आधी कर्ज बंद झाल्याचं ना-हरकत पत्र (एनओसी) काढा. काही फायनान्सवाले हप्ता चुकल्यास फोन लॉक करणारं अ‍ॅप टाकतात, ते रिसेटनंतरही परत उगवतं.