बॅरी सँडर्सने सुटका करून घेतली की संघाला वाऱ्यावर सोडलं?

मिशिगनकर:
परवा पुण्याहून आलेल्या मेव्हण्याला डेट्रॉइट दाखवत होतो. फोर्ड फील्ड स्टेडियमबाहेर २० नंबरच्या बॅरी सँडर्सचा पुतळा आहे, २०२३ साली बसवलेला. मेव्हण्याचा पहिला प्रश्न: "यानं ट्रॉफ्या किती आणल्या?" आता काय सांगणार? एकही नाही.

ज्यांना अमेरिकन फुटबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बॅरी म्हणजे रनिंग बॅक, बॉल पोटाशी धरून गर्दीतून पळणारा. उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. १९८९ ते १९९८ असे दहा हंगाम डेट्रॉइट लायन्स संघाकडून खेळला आणि दरवर्षी बॉल घेऊन हजार यार्डांच्या वर पळाला. एकूण १५,२६९. तेव्हा अख्ख्या कारकिर्दीतल्या यार्डांचा विक्रम होता वॉल्टर पेटनचा, १६,७२६ चा, म्हणजे १,४५७ बाकी. शेवटच्या, त्याच्या मानाने पडेल हंगामातही त्याने १,४९१ केले होते. एक वर्ष, बस्स! आणि जुलै १९९९ मध्ये, सराव शिबिर तोंडावर आलेलं असताना, या माणसाने विचिटातल्या आपल्या गावच्या पेपरला फॅक्स पाठवून निवृत्ती जाहीर केली. स्वतः लंडनला.

थांबायचं तर थांब ना बाबा, पण जानेवारीत सांग. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, क्लब दुसरा गडी तरी शोधेल. वर १९९७ च्या करारात १.१ कोटी डॉलर नुसता सही-बोनस घेतलेला. तेव्हा पुतळा ठीक आहे, पण त्याचं हे वागणं मला पटलेलं नाही.

ताकभात:
साफ असहमत. दहा वर्षांत ३,०६२ वेळा बॉल घेऊन पळाला, आणि बहुतेक वेळा शेवट एकच: शंभर-सव्वाशे किलोचे दोन-तीन जण अंगावर. ज्याच्या अंगावर पडतात, कधी थांबायचं ते त्यानेच ठरवायचं.

आणि त्याने डोळ्यांनी काय पाहिलं तेही बघा. १९९१ मध्ये त्याच्यासाठी वाट मोकळी करणारा माइक अटली मैदानात पडला तो छातीखाली लुळा झाला. डिसेंबर १९९७ मध्ये बॅरीने एका हंगामात दोन हजार यार्ड ओलांडले. त्याच सामन्यात संघातल्याच रेजी ब्राउनच्या मणक्याला मार बसून त्याचा श्वास थांबला, मैदानावरच परत आणावा लागला. स्कोअरबोर्डवर २,०५३ चा जयजयकार आणि शेजारी स्ट्रेचर.

क्लबने काय केलं? लोमस ब्राउनला जाऊ दिलं, मग केविन ग्लोव्हरला. ज्यांच्या आडोशाने हा पळायचा तेच गेले. १९९८ ला ५ विजय, ११ पराभव. याला संघबांधणी म्हणायचं?

डाव्या_हाताचा:
ताकभात, लिहिलंय झकास, पण दुखापतीची भीती तुम्ही त्याच्या तोंडी घालताय. हरून हरून खेळण्यातला रस संपला, असं तो स्वतः सांगत आलाय. मग हिशोब त्याचाही होऊ दे. ३१ डिसेंबर १९९४, ग्रीन बे, प्लेऑफ म्हणजे हंगामाअखेरचा बाद सामना. १३ वेळा पळाला आणि एकूण कमाई उणे एक यार्ड. लायन्स चार गुणांनी हरले. तेव्हा नुसता मालकच नालायक होता का?

आणखी एक गंमत कुणी सांगत नाही. तो गेला त्याच १९९९ च्या हंगामात लायन्स ८ विजय, ८ पराभव करून प्लेऑफला पोचले. त्याच्याशिवाय.

वाळवण:
आणि तिथे पहिल्याच सामन्यात घरी आले. तेही सांगा की राव.

बाकी, लोक "का?" विचारतात तेव्हाच थांबावं, हे विजय मर्चंटांच्या नावावर सांगितलं जाणारं वाक्य बॅरीने शब्दशः पाळलं.

डाव्या_हाताचा:
आलंच का क्रिकेट! दहा प्रतिसाद तरी कळ काढायची होती. मर्चंटांनी निरोप फॅक्सवर घेतला नव्हता हो.

पोळपाट:
या धाग्यावर बहुधा मी एकटीच अशी आहे जिचं पोर हायस्कूलच्या संघात खेळतं. दर शुक्रवारी रात्री फ्लडलाइटखाली बसून देवाचा धावा करते. त्यामुळे मी तटस्थ नाही.

"एकच वर्ष राहिलं होतं" हा मुद्दा मला मुळातच चुकीचा वाटतो. १९८९, बॅरीचं पहिलं वर्ष, शेवटचा सामना अटलांटात. सर्वाधिक यार्डांचा मान मिळवायला त्याला फक्त दहा हवे होते. सामना हातात होता. कोचने विचारलं, जातोस का? तो नको म्हणाला. मान ख्रिश्चन ओकोयेला गेला, १,४८० विरुद्ध १,४७०. एकवीस वर्षांचं पोर! ज्याने तेव्हा दहा यार्ड सोडले त्याने पुढे १,४५७ सोडले तर आपण दचकतो कशाला? टचडाउन केल्यावर, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपार नेल्यावर, नाच नाही, बॉल गुपचूप पंचाच्या हातात. विक्रमाची भूक आपली होती, त्याची नव्हतीच.

मिशिगनकर:
पोळपाटताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. विक्रमाचा मुद्दा मागे घेतो.

पैशाचा नाही घेत. क्लबने बोनसचा उरलेला भाग मागितला, प्रकरण लवादाकडे गेलं आणि निकाल क्लबच्या बाजूने लागला. म्हणजे करार मोडला हे कागदोपत्री आहे.

ताकभात:
मग फेडले ना पैसे! आणि क्लबचं शहाणपण बघा, २०१६ मध्ये कॅल्विन जॉन्सन निवृत्त झाला तेव्हा त्याच्याकडूनही वसुली. नऊ वर्षं शरीर झिजवलेल्या माणसाकडून. तोही कित्येक वर्षं रुसून बसला होता. जिथून सर्वोत्तम दोन खेळाडू असे जातात, तिथे खोट खेळाडूंमध्ये शोधायची?

वाळवण:
जानेवारी १९९२ मध्ये डॅलसला ३८-६ ने हरवलं, त्यानंतरचा प्लेऑफमधला विजय थेट जानेवारी २०२४ मध्ये. मधे एक हंगाम ०-१६. बॅरी आणखी पाच वर्षं थांबला असता तरी काय फरक पडणार होता?

डाव्या_हाताचा:
०-१६ तो गेल्यावर नऊ वर्षांनी झालं. तेही आता मालकाच्या पदरात टाका.

मिशिगनकर:
फॅक्सबद्दल मी अजूनही ठाम आहे. जानेवारीत एक फोन केला असता तर आज हा धागा निघाला नसता.

मेव्हणा मात्र २० नंबरची जर्सी घेऊन गेला. सोसायटीत कुणी विचारलंच, तर बास्केटबॉलची आहे म्हणून सांगणार आहे.