प्रति: विज्ञानयुगात कवितेचं काय काम?

विज्ञानाच्या काळात कविता म्हणजे निव्वळ चैन, असं या चर्चेत एकांनी म्हटलंय. हाच आरोप १८२० मध्ये इंग्रज लेखक पीकॉकने, काहीशा थट्टेच्या सुरात, केला होता. आणि तो इंग्रज कवी शेलीचा जवळचा मित्र! शेलीने १८२१ मध्ये इटलीत बसून त्याला उत्तर लिहिलं, ‘अ डिफेन्स ऑफ पोएट्री’ (कवितेचं समर्थन) हा निबंध. कवी हे जगाचे मान्यता न मिळालेले कायदेकर्ते, हे त्यातलं शेवटचं वाक्य सगळे उद्धृत करतात, पण मला मधला युक्तिवाद जास्त मोलाचा वाटतो. नीतिनियम पाठ करून माणूस चांगला होत नाही, त्याला दुसऱ्याच्या जागी उभं राहता यावं लागतं. ते काम कल्पनाशक्तीचं, आणि व्यायामाने हातपाय बळकट व्हावेत तशी ती कवितेने बळकट होते, असं तो म्हणतो. कवीने उपदेश करत बसू नये, हेही तिथेच बजावतो.

शेलीचा रोख विज्ञानावर नाहीच. श्रम हलके करायला आलेल्या शोधांनी विषमता का वाढवली, हा त्याचा प्रश्न आहे. ज्ञान भरपूर झालं, पण जे कळलंय त्याची कल्पना करण्याची ताकद कमी पडते, हे त्याचं उत्तर मला आजही पूर्ण पटतं.