मर्यादा उठवली म्हणे, माझी गाडी अजून ८० टक्क्यांवरच अडते. मदत हवी आहे

ऋजुता_के | बुधवार, रात्री ९:१४

मदत हवी आहे आणि जरा घाईची आहे.

गेल्या वर्षी कंपनीने अपडेट पाठवून माझ्या इलेक्ट्रिक गाडीचं चार्जिंग ८० टक्क्यांवर बांधून टाकलं. कारण काय, तर बॅटरीची सुरक्षितता. बरं, सोसलं. आता जूनमध्ये त्यांनीच जाहीर केलं की मर्यादा उठवतोय, तुम्हाला काही करावं लागणार नाही, आपोआप होईल. ऑफिसातल्या एकाची अगदी हीच गाडी आहे, त्याची जुलैच्या पहिल्या आठवड्यात पूर्ववत झाली. माझी नाही. रोज रात्री प्लग लावते आणि सकाळी बघते तर हिरवी पट्टी ८० वर येऊन थांबलेली, खाली "चार्जिंग पूर्ण". पूर्ण कसलं!

रविवारी लेकाला कॉलेजला सोडायचं आहे, गाडी सामानाने गच्च भरलेली असणार. कस्टमर केअरला तीन वेळा फोन झाला. तिन्ही वेळा एकच उत्तर, "अपडेट टप्प्याटप्प्याने जातंय, वाट बघा." लेखी तक्रार केलेली असल्यामुळे कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. रविवारच्या आत हे कसं सुटेल? अनुभव असेल त्यांनी कृपया लवकर सांगा.

नीलाक्ष | ९:३१

कुठे राहता? गाडी कोणत्या वर्षाची? सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती? रविवारचा प्रवास किती मैलांचा? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगणार काय?

भाऊ_डॅलस | ९:४०

वायफाय बघा आधी. माझी गाडी गॅरेजात जिथे उभी असते तिथे सिग्नल पोचतच नव्हता, एक अपडेट पाच आठवडे लटकलं होतं. राउटर स्वयंपाकघरातून उचलून गॅरेजच्या भिंतीपाशी आणला, त्याच रात्री उतरलं. शंभर टक्के हेच असणार. स्क्रीनही एकदा रिसेट करून बघा.

ऋजुता_के | ९:५२

नेपरविल, इलिनॉय. २०२१ ची गाडी. वायफाय व्यवस्थित आहे, गेल्याच आठवड्यात नकाशांचं अपडेट आलं. रिसेट दोनदा करून झालं. प्रवास अर्बानापर्यंत.

सुलभा_देव | १०:०५

ऋजुता, घरी साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर लावतेस का? तसं असेल तर गाडी रात्रभरात भरतच नाही. त्यावर तासाला चारपाच मैल मिळतात फार तर. आम्ही दोन वर्षं तसेच रडतखडत काढले, मग २४० ची लाइन ओढून घेतली. इलेक्ट्रिशियन लायसन्सवालाच बघ आणि पॅनेलमध्ये जागा आहे का ते आधी विचार. आमचं पॅनेल जुनं निघालं, तेच बदलावं लागलं आणि खर्च दुप्पट झाला. शहराचा परवानाही लागतो, तो विसरू नकोस.

ऋजुता_के | १०:११

सुलभाताई, २४० चीच आहे. गाडी हळू भरते अशी तक्रार नाही, ८० च्या पुढे जातच नाही अशी आहे.

बी_पाटील | १०:२६

कुणाला आवडणार नाही, पण लिहितो. ती मर्यादा आहे तशीच राहू द्या. कंपनीने ती हौसेने घातलेली नसते, कुठेतरी गाड्या पेटलेल्या असतात. घराला जोडलेलं गॅरेज, वर मुलांच्या झोपायच्या खोल्या. वीस टक्के चार्जिंगसाठी ती जोखीम कशाला घ्यायची? मी स्वतः गाडी कधीच ८० च्या वर भरत नाही.

भाऊ_डॅलस | १०:३४

पाटीलसाहेब, तुम्ही स्वखुशीने ८० वर थांबता, ते वेगळं. आम्ही पैसे १०० टक्क्यांचे मोजलेत. माझ्या दारात उभी असलेली माझी गाडी रात्रीतून कमी करण्याचा अधिकार कंपनीला कुणी दिला? मे २०२५ चं शाओमी या चिनी कंपनीचं प्रकरण आठवा. एसयू७ अल्ट्रा विकली १५४८ हॉर्सपॉवर सांगून आणि अपडेटमध्ये ताकद आणली ९०० च्या आसपास. पूर्ण ताकद हवी तर ठरावीक ट्रॅकवर ठरावीक वेळेत फेरी मारून दाखवा म्हणे. चीनमधल्या मालकांनी एवढा गदारोळ केला की कंपनीला ते अपडेट थांबवावं लागलं. गप्प बसले असते तर मिळालं असतं का?

बी_पाटील | १०:४१

ते प्रकरण वेगाचं होतं, हे बॅटरी पेटण्याचं आहे. दोन्हींना एका मापाने मोजू नका.

भाऊ_डॅलस | १०:४४

विकलेली वस्तू न विचारता कमी केली, हे माप दोन्हीकडे सारखंच आहे.

ओस्लोवासी | गुरुवार, पहाटे ५:०२ (इथे दुपार)

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. नॉर्वेत हा विषय घराघरात होऊन गेला आहे. २०१९ च्या वसंतात शांघाय आणि हाँगकाँगला मॉडेल एस गाड्या पार्किंगमध्ये उभ्या असताना पेटल्या आणि मे महिन्यात टेस्लाने अपडेट पाठवलं. जुन्या मॉडेल एसचं कमाल व्होल्टेज खाली आलं, फास्ट चार्जिंग मंदावलं. इथे तीसेक मालक तक्रार घेऊन गेले. २०२१ मध्ये सामोपचार मंडळाने प्रत्येकी १,३६,००० क्रोनरपर्यंत भरपाईचा निर्णय दिला.

तुमच्या अमेरिकेतही दावा झाला होता. १,७४३ गाड्या, १५ लाख डॉलरची तडजोड, प्रत्येकी ६२५ डॉलर. ऋजुताताईंनी वाचण्यासारखी गोष्ट त्या तडजोडीच्या कागदात आहे. व्होल्टेज आधी सुमारे १० टक्क्यांनी कमी केलं होतं, मग ७ टक्क्यांवर आणलं, मार्च २०२० च्या अपडेटनंतर हळूहळू पूर्ववत होत गेलं. तडजोडीच्या वेळी १,५५२ गाड्या पूर्ण सुटल्या होत्या, ५७ गाड्यांना बॅटरी बदलून मिळाली. बाकीच्यांचं व्होल्टेज गाडी चालेल तसं वाढत जाईल, असं लिहिलं होतं. म्हणजे "मर्यादा उठवली" ही घोषणा एका दिवसाची असली, तरी प्रत्येक गाडी आपापल्या वेळेने सुटते.

पिंपरीकर | सकाळी ७:४८

इथे वेगळाच प्रश्न आहे. मार्च २०२२ मध्ये लोहगावला भर रस्त्यात इलेक्ट्रिक स्कूटर पेटली, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. तेव्हापासून आमच्या सोसायटीत बेसमेंटमध्ये चार्जिंग पॉइंट द्यायचा की नाही यावर दर सभेत भांडण. मी पैसे भरायला तयार आहे, स्वतंत्र मीटर घ्यायला तयार आहे, तरी तीन सभासद अडून बसलेत. अमेरिकेत सोसायट्या काय नियम लावतात? कुणी लेखी नमुना देऊ शकेल का?

सुलभा_देव | ७:५९

पिंपरीकर, आमच्या एचओएने (इथली घरमालकांची सोसायटी) अग्निशमनचा दाखला आणि विम्याचा कागद मागितला होता. व्यनि (खासगी निरोप) करते.

नीलाक्ष | ८:१५

सोसायटीचा धागा वेगळा काढा, कृपया.

ऋजुता, ओस्लोवासींनी लिहिलंय ते महत्त्वाचं आहे. याच्या जवळचं दुसरं उदाहरण शेव्हरोले बोल्टचं. तिथल्या दोषांचं कारण बाहेर आलेलं आहे. काही सेलमध्ये अ‍ॅनोडची, म्हणजे ऋण टोकाची, पट्टी फाटलेली होती आणि दोन थरांमधला सेपरेटर दुमडलेला होता. दोन्ही दोष एकाच सेलमध्ये आले की आगीचा धोका आणि सेल जितका भरलेला तितका तो जास्त. म्हणून चार्जिंगला वरून कात्री. २०२३ मध्ये २०२० ते २२ च्या बोल्टसाठी जीएमने तपासणीचं सॉफ्टवेअर आणलं. ते घातलं की गाडी ८० टक्क्यांवर थांबते, १०,००० किलोमीटर होईपर्यंत बॅटरीवर नजर ठेवते आणि काही वावगं आढळलं नाही तर स्वतःच १०० वर येते. वावगं आढळलं तर बॅटरी बदलतात.

तुमची कंपनी कुठलीही असो, पद्धत अशीच असण्याची शक्यता मोठी. म्हणून तीन प्रश्न. गाडी नवी घेतली की वापरलेली? गेल्या वर्षी ते सॉफ्टवेअर घातलं कुणी, घरबसल्या आलं की डीलरने घातलं? आणि त्यानंतर किती मैल झाले?

ऋजुता_के | ८:५०

वापरलेली घेतली, दीड वर्षापूर्वी, एका गृहस्थांकडून. पण त्याचा काय संबंध? मर्यादा तर मी घेतल्यानंतर आली. डीलरकडे कधी गेलेच नाही, जायची गरजच पडली नाही. तेव्हापासून २,१०० मैल झाले असतील. मी घरूनच काम करते.

नीलाक्ष | ८:५८

संबंध आहे. आत्ताच्या आत्ता एनएचटीएसएच्या, म्हणजे सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेच्या, साइटवर जाऊन १७ अंकाक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाका आणि काय दिसतं ते जसंच्या तसं इथे लिहा.

भाऊ_डॅलस | ९:०४

इतकं लांब कशाला जायचं? लोकांकडे अशी उपकरणं असतात जी गाडीच्या डायग्नोस्टिक पोर्टला लावून मर्यादा काढता येते. माझ्या ओळखीचा एक जण...

नीलाक्ष | ९:०७

भाऊ, कृपा करून हे सुचवू नका. रविवारी त्या गाडीत तिचा मुलगा बसणार आहे. बॅटरी तपासलेली नसताना मर्यादा काढणं म्हणजे दोष असला तर त्याला मोकळं रान. वॉरंटीवरही पाणी.

बी_पाटील | ९:१०

मी हेच कालपासून सांगतोय.

भाऊ_डॅलस | ९:१६

बरं, मागे घेतो. मुलाचं लक्षात आलं नव्हतं.

ऋजुता_के | दुपारी १२:३७

टाकला व्हीआयएन. "१ रिकॉल, अपूर्ण." म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावली होती आणि ते काम झालेलंच नाही. वाचल्यावर हातपाय गार पडले.

ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांना फोन केला. त्यांनी कपाट शोधलं, रिकॉलचं पत्र निघालं आणि त्यांनी फोटो पाठवला. विस्कॉन्सिनच्या त्यांच्या जुन्या पत्त्यावर आलेलं, पाकीटही फोडलेलं नव्हतं. दोन पानं आहेत. पहिल्या पानावर ८० टक्क्यांची तात्पुरती मर्यादा, जी इंटरनेटवरून सगळ्यांना आली. दुसऱ्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत, की तपासणीचं सॉफ्टवेअर डीलरकडूनच घालून घ्यावं आणि त्यानंतर ५,००० मैल पूर्ण झाल्यावरच मर्यादा उठेल. जूनची घोषणा ही हे सगळं पार पडलेल्या गाड्यांसाठी होती. अ‍ॅपवर मला आलेल्या संदेशात यातला एक शब्द नव्हता. ऑफिसातल्या मित्राने ते गेल्या ऑक्टोबरमध्येच करून घेतलं होतं.

म्हणजे वर्षभर मी तपासणी न झालेली बॅटरी घेऊन फिरतेय आणि मला वाटत होतं की फक्त रेंज गेली. तीन वेळा फोन केला तेव्हा तिन्ही वेळा व्हीआयएन विचारून घेतला होता त्यांनी. समोर स्क्रीनवर दिसत असणारच ना? एकदाही सांगितलं नाही.

सुलभा_देव | १२:४९

अगं बाई. आधी डीलरची वेळ घे.

नीलाक्ष | १:०२

डीलरला "रिकॉल" हाच शब्द सांगा, "अपडेट येत नाही" म्हणू नका. रिकॉलचं काम फुकट असतं आणि गाडी कितव्या मालकाची आहे याने फरक पडत नाही. कंपनीच्या नोंदीत स्वतःचं नाव आणि पत्ता घालून घ्या, नाहीतर पुढचं पत्रही विस्कॉन्सिनला जाईल. लेखी तक्रारीला त्या पत्राचा फोटो आणि तिन्ही फोनच्या तारखा जोडा. काम होईपर्यंत चार्जिंग शक्यतो गॅरेजबाहेर करा.

आता रविवारचं. पूर्ण भरल्यावर गाडी किती मैल जायची?

ऋजुता_के | १:१०

नवी असताना २४० म्हणायचे. सामान आणि एसी धरून कमीच.

नीलाक्ष | १:२१

नेपरविल ते अर्बाना साधारण १३५ मैल, जाऊन येऊन २७०. १०० टक्के भरली असती तरी मध्ये एकदा चार्ज करावीच लागली असती. ८० टक्क्यांवर कागदावर १९० च्या आसपास होतात. हायवेचा वेग, एसी आणि सामान धरून १५०-१६० समजा. जाणं एका दमात होईल, पण वाटेत कँकाकी गावाच्या आसपास टक्के बघा. येताना अर्बानाला लागूनच असलेल्या शॅम्पेन गावात फास्ट चार्जर गाठा. तसंही फास्ट चार्जरवर ८० च्या पुढचं चार्जिंग इतकं मंद होतं की तिथे थांबण्यात अर्थ नसतो. रविवारसाठी तरी या मर्यादेने तुमचं फारसं काही अडत नाही.

भाऊ_डॅलस | १:३०

मी तर म्हणतो भाड्याने हायब्रिड घ्या. मुलाला सोडायचा दिवस आहे, त्या दिवशी टक्के कोण मोजत बसणार?

ओस्लोवासी | २:१५

तिथे सोडायला गेलात की सामान उतरवायलाच दोन तास जातील. गाडी तेवढ्यात चार्जरवर लावा, काम होऊन जाईल.

ऋजुता_के | शुक्रवार, संध्याकाळी ६:४०

डीलरकडून आत्ताच आले. "रिकॉल" म्हटल्यावर आजचीच वेळ मिळाली. सॉफ्टवेअर घातलं, पाऊणएक तास लागला. पावतीवर आज गाडी किती मैलांवर आहे ते लिहून घेतलं, तिथून ५,००० मोजायचे. माझ्या वापराने दोन वर्षांच्या वर लागतील. मेकॅनिक चांगला होता, त्याने बॅटरीच्या सगळ्या सेल-गटांचे आकडे लॅपटॉपवर दाखवले, एका रांगेत, शेवटच्या दशांशापर्यंत जवळपास सारखे. म्हणाला, एखादा गट रात्रभरात इतरांपेक्षा जास्त खाली उतरायला लागला की सॉफ्टवेअरला कळतं. ते आकडे बघून पहिल्यांदा जरा जीव खाली पडला.

रविवारी हीच गाडी नेतेय. लेकच म्हणाला, आई हीच घेऊन जाऊ. नीलाक्ष, तुम्ही प्रश्नांवर प्रश्न विचारत होतात तेव्हा मनात चिडले होते. मनापासून आभार.

बी_पाटील | ७:०५

उत्तम झालं. मुलाला शुभेच्छा.

हर्षदा_एम | शनिवार, सकाळी १०:२२

हा धागा वाचून हात थरथरतोय. आमचीही वापरलेली, २०२१ चीच, आम्हालाही पत्र आलेलं नाही. व्हीआयएन नक्की कुठे असतो गाडीवर?

सुलभा_देव | १०:२६

ड्रायव्हरच्या बाजूला पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, बाहेरून वाचता येतो. विम्याच्या कार्डावरही असतो. टाक आणि काय येतं ते इथे लिही, आम्ही आहोत.