मदत हवी आहे: रॉथ आयआरएत (अमेरिकेतलं निवृत्तीचं खातं) जास्तीचे पैसे गेलेत, २०२४ चं रिटर्न परत भरायचं का?

नमस्कार मंडळी, डॅलसला राहतो, मी एच१बी (कामाचा व्हिसा), बायको एच४ (जोडीदाराचा). दर जानेवारीत डोळे झाकून रॉथमधे पैसे टाकायची सवय, तसे जानेवारी २०२४ ला ७,००० डॉलर टाकले. मग जूनमधे बायकोचं ईएडी (काम करायची परवानगी) आलं, नोकरी लागली, वर माझे आरएसयू (कंपनीने दिलेले शेअर्स) व्हेस्ट झाले, म्हणजे हातात आले, आणि दोघांचं मिळून उत्पन्न गेलं २ लाख ५२ हजारावर. जॉइंट फाइल केलं तर २०२४ साठी २ लाख ३० हजार उत्पन्नापासून रॉथमधे पैसे टाकायची मर्यादा कमी होत जाते आणि २ लाख ४० हजारला शून्य, हे ठाऊकच नव्हतं. उलट फेब्रुवारी २०२५ मधे हौसेने बायकोचं रॉथ उघडून तिचेही २०२४ चे ७,००० टाकले. घ्या!

रिटर्न मार्चमधेच भरलं. रॉथची वजावट मिळत नाही म्हणून सॉफ्टवेअरमधे ते टाकलंच नाही, नाहीतर त्याने तेव्हाच बोंब मारली असती. ऑगस्टमधे डबा खाताना कलीगने बॅकडोअर रॉथचा (उत्पन्न जास्त असलं तरी आडवाटेने रॉथमधे पैसे टाकायची पद्धत) विषय काढला तेव्हा ट्यूब पेटली.

ब्रोकरेजवाला आधी साधं विड्रॉवलच करत होता, मी अडून बसलो की जास्तीचे पैसे परत घ्यायचा वेगळा फॉर्मच पाहिजे. गेल्या आठवड्यात पैसे आले: माझे ७,००० आणि त्यावरच्या नफ्याचे १,१२०, बायकोचे ७,००० आणि १९०.

आता आमचे टॅक्सवाले म्हणतात फॉर्म ५३२९ (जास्तीच्या पैशांवरच्या दंडाचा) भरा, ६ टक्क्यांनी दोघांचे ८४० डॉलर दंड द्या. खरंच द्यायचे? की जानेवारीत १०९९-आर (काढलेल्या पैशांचा ब्रोकरेजकडून येणारा फॉर्म) येईपर्यंत थांबू?

प्रतिसाद:
दादा, थांबा, दंड भरू नका. मूळ रिटर्न वेळेत भरलंय आणि पैसे १५ ऑक्टोबरच्या आत नफ्यासकट काढलेत, म्हणजे ६ टक्के लागत नाहीत. ते दरवर्षी लागतात ते पैसे आत राहू दिले तर. १०४०-एक्स (दुरुस्त रिटर्न) मात्र भरा, वर "फाइल्ड पर्स्युअंट टू सेक्शन ३०१.९१००-२" लिहा आणि काय झालं ते चार ओळीत द्या. १०९९-आर साठी अडून राहू नका, आकडे हातात आहेतच.

गंमत अशी की नफा पैसे टाकले त्या वर्षात धरतात. तुमचे १,१२० म्हणून २०२४ मधे, वहिनींचे १९० मात्र २०२५ च्या रिटर्नमधे. जानेवारीत तुमच्या १०९९-आर वर पी आणि जे कोड येईल, त्यांच्यावर ८ आणि जे (पी म्हणजे नफा आदल्या वर्षात धरा, ८ म्हणजे त्याच वर्षात, जे म्हणजे रॉथमधून काढलेले), बघून घाबरू नका. नफ्यावरचा १० टक्के दंडही २०२२ अखेरपासून अशा दुरुस्तीला नाही.

मूळ धागाकर्ता:
ताई, खूप आभार! म्हणजे २४ टक्क्यांच्या स्लॅबने माझे साधारण २६९ डॉलर आणि थोडं व्याज. टेक्सासात स्टेट टॅक्स नाही, तेवढी एक कटकट वाचली. टॅक्सवाल्यांना तो सेक्शन आत्ताच मेसेज केलाय, अजून ब्लू टिक नाही.