कर्मिटच्या आतला हात बदलला, तर तो कर्मिट उरतो का?

रानपाखरू

'द मपेट शो' या हातबाहुल्यांच्या टीव्ही कार्यक्रमाचे १९७६ ते १९८१ मधले सगळे १२० भाग नुकतेच क्रमाने पुन्हा पाहिले. शेवटचा भाग संपल्यावर त्यातल्या कर्मिट या बेडकाच्या बाहुल्याची अलीकडची एक मुलाखत लावली आणि तीन मिनिटांत बंद केली. बेडूक तोच, हिरवा रंग तोच, गळ्याभोवतीची टोकांची पट्टीही तीच. बोलणारा मात्र कोणी दुसराच.

कर्मिट १९५५ चा. जिम हेन्सन यांनी आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून तो शिवला, पिंगपाँगचा चेंडू अर्धा कापून त्याचे डोळे केले. पुढची पस्तीस वर्षं हात त्यांचा, आवाज त्यांचा. १६ मे १९९० ला ते ५३ व्या वर्षी अचानक गेले आणि कर्मिट स्टीव्ह व्हिटमायर यांच्याकडे आला. २०१६ मध्ये मपेट्सची मालकी असलेल्या डिस्ने कंपनीने व्हिटमायरना काढलं. ती बातमी २०१७ च्या जुलैमध्ये बाहेर आली, तेव्हा चाहत्यांमध्ये केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. आता मॅट व्होगेल. म्हणजे तिसरा हात.

माझं म्हणणं सरळ आहे. कलाकार गेला की त्याचं बाहुलं थांबवावं. जुने भाग आहेत, ते कोणी हिरावून घेत नाही. पुढच्या माणसाने स्वतःचं नवं पात्र घडवावं. उसन्या आवाजात आयुष्य घालवणं त्या नव्या कलाकारावरही अन्याय आहे.

चष्मेवाला

अजिबात पटलं नाही.

ब्रिटनमधल्या 'सूटी'चं बघा. हॅरी कॉर्बेट यांनी १९४८ मध्ये ब्लॅकपूलच्या धक्क्यावर पिवळ्या अस्वलाचं एक हातबाहुलं विकत घेतलं. कृष्णधवल पडद्यावर उठून दिसावं म्हणून त्याचे कान आणि नाक काजळीने (इंग्रजीत 'सूट') काळे केले, त्यावरून नाव पडलं. १९७६ मध्ये ते मुलाकडे, मॅथ्यूकडे गेलं आणि १९९८ मध्ये रिचर्ड कॅडेल यांच्याकडे. तीन माणसं झाली आणि अस्वल अजून तेच आहे. तुमचा नियम लावला असता तर ते हॅरी यांच्याबरोबरच पेटीत गेलं असतं, आणि नंतरच्या दोन पिढ्यांना ते भेटलंच नसतं.

रानपाखरू

चष्मेवाला, उदाहरण चांगलं आहे, पण सूटी बोलतो कुठे? तो सोबतच्या माणसाच्या कानात कुजबुजतो आणि काय म्हणाला ते तो माणूस आपल्याला सांगतो. माणूस बदलला तरी अस्वलाचा आवाज बदलत नाही, कारण आपण तो कधी ऐकलेलाच नाही. कर्मिटचं तसं नाही.

कोष्टी

आवाजावर फार भर दिला जातोय. मी हौस म्हणून स्पंज आणि फ्लीसची बाहुली करतो, म्हणून हाताबद्दल बोलतो.

कर्मिटच्या डोक्यात एकही यंत्र नाही. खाली अंगठा, वर चार बोटं, संपलं. तो चिडतो तेव्हा सगळा चेहरा आक्रसून तोंडात गेल्यासारखा दिसतो ना, ती आतली वळलेली मूठ असते. बोटांची लांबी, मनगट किती झुकतं, वाक्याच्या शेवटी तोंड किती उघडं राहतं, सगळं त्या एका हाताचं. आवाजाची नक्कल साधणारे शंभर सापडतील. मनगटाची साधणारा विरळा. एवढ्यापुरतं रानपाखरू यांचं बरोबर आहे, हात बदलला की माणूस बदलतो.

पण म्हणून पात्र बंद करा, हे मला झेपत नाही. 'द मपेट शो'मधली डुकरीण मिस पिगी पहिल्या हंगामात फ्रँक ऑझ आणि रिचर्ड हंट या दोघांच्या हातात होती. ती पुढे ऑझ यांची झाली, कारण त्यांनी तिच्यात अधिक काही पाहिलं. म्हणजे पात्र हातांच्या शोधात असतं असंही म्हणता येईल.

माऊ

माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिला 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमातला मोठा पिवळा पक्षी बिग बर्ड म्हणजे बिग बर्ड. आत कोण आहे हा प्रश्नच तिला पडत नाही, आणि पडू नये असं मला वाटतं. २०२५ मध्ये हा कार्यक्रम नेटफ्लिक्सवर आणि पीबीएस या अमेरिकेतल्या सार्वजनिक वाहिनीवर एकाच वेळी दाखवायचं ठरलं, तेव्हा मी खरंच सुटकेचा श्वास टाकला होता. आपल्या आठवणी जपायला मुलांचे मित्र बंद करायचे का?

रानपाखरू

माऊ, याच 'सेसमी स्ट्रीट'ने एकदा नेमकं मी म्हणतो तेच केलं होतं. दुकानदार मिस्टर हूपर यांची भूमिका करणारे विल ली १९८२ च्या डिसेंबरमध्ये वारले. निर्मात्यांनी दुसरा नट आणला नाही. नोव्हेंबर १९८३ च्या एका भागात बिग बर्ड सगळ्यांची चित्रं काढून आणतो, त्यात हूपर यांचंही असतं. मग मोठी माणसं त्याला सांगतात की ते आता परत येणार नाहीत. ते चित्र शेवटी त्याच्या घरट्यापाशी टांगलं जातं. मुलांना खरं सांगितलं आणि मुलांनी ते पेललं. मग बाहुल्यांच्या बाबतीत आपण एवढे भित्रे का?

माऊ

कारण हूपर माणूस होते! त्यांचा चेहरा विल ली यांचाच होता. बिग बर्डचा चेहरा पिसांचा आहे, आणि ती पिसं कुठेही गेलेली नाहीत. आणि बघा ना, ते चित्र टांगणाऱ्या पक्ष्याचाही हात पुढे बदललाच की.

चष्मेवाला

माऊ +१. आणि 'सेसमी स्ट्रीट'च्याच एल्मोला विसरू नका. तो लाल बाहुला आधी बऱ्याच जणांच्या हातातून फिरला, कोणाच्याच हातात जमला नाही. केविन क्लॅश यांच्याकडे १९८० च्या दशकात आला आणि तेव्हा कुठे एल्मो झाला. पहिल्या हातालाच सर्वाधिकार दिले असते तर जगाला एल्मो मिळाला नसता.

रानपाखरू

एल्मोचा मुद्दा मान्य. तो आधी घडलेलाच नव्हता.

माझी अडचण वेगळ्या शब्दांत सांगतो. गाण्याच्या घराण्यात गायकी गुरूकडून शिष्याकडे जाते. पण शिष्य मैफलीत स्वतःच्या नावाने बसतो. बंदिश गुरूची, ढंग गुरूचा, नाव मात्र त्याचं, म्हणून त्याला हळूहळू वेगळं होण्याची मुभा मिळते. कर्मिटचा नवा कलाकार वेगळा झाला की लोक म्हणतात चुकला. तंतोतंत राहिला की म्हणतात नक्कल. त्याने करायचं काय?

कोष्टी

हा तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. रात्री विचार केला त्यावर.

मला वाटतं, पात्र कसं सोपवलं गेलं यावर बरंच अवलंबून आहे. कॅरोल स्पिनी १९६९ पासून बिग बर्ड करत होते. पक्ष्याची उंची ८ फूट २ इंच. उजवा हात डोक्यावर सरळ वर धरून चोच चालवायची, करंगळीने डोळ्यांची उघडझाप, आणि बाहेरचं काही दिसत नसल्यामुळे छातीवर बांधलेल्या छोट्या पडद्यात बघत चालायचं. आता कर्मिट करणारे व्होगेलच अनेक वर्षं त्यांच्या हाताखाली शिकले. शेवटी शरीर साथ देईना तेव्हा आत व्होगेल आणि आवाज स्पिनींचा, असंही चाललं. २०१८ मध्ये स्पिनी थांबले ते आपण होऊन. हे घराणंच झालं की! नाव पक्ष्याचं असलं तरी.

कर्मिटला हे मिळालं नाही. हेन्सन इतक्या झटकन गेले की सोपवायला वेळच नव्हता. दुसऱ्यांदा तर निर्णय कंपनीचा होता. कंपनीने वर्तनाचं कारण दिलं, व्हिटमायर यांनी आपली बाजू वेगळी मांडली. त्यात कोण खरं यात मी पडत नाही. पण तिथे हाताने हाताला काही दिलं नाही, आणि तुम्हाला तीन मिनिटांत जे खुपलं ते हेच असावं.

रानपाखरू

असू शकेल. मालकी २००४ पासून डिस्नेकडे आहे, त्यामुळे 'हे बाहुलं कोणाचं' याचं कायद्यातलं उत्तर ठरलेलं आहे. मला ते उत्तर पुरत नाही.

चष्मेवाला

मग मपेट्समधल्या पियानोवाल्या कुत्र्याबद्दल, रॉल्फबद्दल काय म्हणाल? तोही हेन्सन यांचाच. ते गेल्यावर काही वर्षं तो दिसायचा, पण बोलायचा नाही. कोणी घाई केली नाही. नंतर बिल बरेटा यांनी तो हातात घेतला. थांबणंही झालं आणि पुढे जाणंही. बघितलाय का त्यांचा रॉल्फ?

रानपाखरू

नाही. १९९० नंतरचा रॉल्फ मी आजवर मुद्दाम टाळला. ती काही वर्षांची शांतता मला पटते, तेवढं मोकळेपणाने कबूल करतो. कर्मिटबद्दलचं मत तेच आहे. रॉल्फ या शनिवारी बघतो आणि इथेच लिहितो.