मदत हवी: एअर रायफलवर स्कोप सरळ बसत नाहीये (नाशिक)

वैतागलेला_नाशिककर
लेव्हल बाटली (स्पिरिट लेव्हल) ठेवून स्कोप (नेमाची दुर्बीण) सरळ करतो, रिंगांचे स्क्रू आवळले की रेटिकल (आतली नेमाची फुली) कलतं. परत उघडा, परत तेच. दुकानदार म्हणतो रिंगा (स्कोप धरणारी कडी) बदला. बदलू का? लवकर सांगा, रविवारी झिरो करायचंय (नेम आणि छर्रा जुळवायचाय).

सातपूर_फिटर
रायफल कुठली? स्प्रिंगची ब्रेक बॅरल (नळी मोडून भरायची) की पीसीपी (आधी दाबून भरलेल्या हवेची)? रेल (रिंगा बसतात ती पट्टी) ११ मिमी डोव्हटेल की खाचांची पिकॅटिनी? स्कोपची ट्यूब एक इंची की ३० मिमी? आणि बाटली नेमकी ठेवता कशावर?

वैतागलेला_नाशिककर
नेहमीचीच हो, .१७७ (साडेचार मिमी छर्र्याची) ब्रेक बॅरल. रिंगा स्कोपसोबत आलेल्या. बाटली वरच्या टरेटच्या (उंची जुळवायच्या खुंटीच्या) टोपीवर.

सातपूर_फिटर
टोपीवर भरवसा नको. ती आतल्या रेटिकलला काटकोनात असेलच असं नाही. आधी रायफल रिकामी आहे ना ते बघा. मग वाइसला रबर लावून हलक्या हाताने धरा, बाटली रेलवर आडवी ठेवून रायफल लेव्हल करा. सात-आठ मीटरवर गवंड्याचा ओळंबा सोडा, पंखा बंद. मॅग्निफिकेशन कमी ठेवा, नाहीतर दोरी धूसर दिसते. रेटिकलची उभी रेघ दोरीला जुळवा.

कलतं ते आवळताना. एक बाजू आधी पूर्ण आवळली की रिंगचं टोपण ट्यूबला फिरवतं. सगळे स्क्रू नुसते टेकवा, दोन्हीकडची फट सारखी ठेवा, मग तिरक्या क्रमाने पाव-पाव फेरा. शेवटी १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे साधारण २ न्यूटन-मीटर. टॉर्क ड्रायव्हर नसेल तर ॲलन कीचं लांब टोक स्क्रूत घाला आणि आखूड टोक दोन बोटांनी फिरवा.

देवळाली_१०मी
स्कोप हवाच कशाला? १० मीटरच्या स्पर्धेत आयएसएसएफ (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) स्कोप चालवत नाही. पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायची) लावा.

वैतागलेला_नाशिककर
स्पर्धा कुठून आली मध्येच?

पंचवटी_गेज
ओळंबा-बिळंबा नको. टरेटच्या खालचा सपाट भाग आणि रेल यांच्यामध्ये फीलर गेजची (फट मोजायची) पातळ पानं भरा, स्कोप आपोआप समांतर. पाच मिनिटांचं काम.

सातपूर_फिटर
तो भाग सपाट असेल तर ना. स्वस्त स्कोपला तो बऱ्याचदा गोल असतो. शिवाय बाहेरचं खोकं समांतर झालं म्हणून आतलं रेटिकल होत नाही.

गंगापूर_रोड
दोन-तीन डिग्रीने काय बिघडतं? दर वेळी तसंच धरा.

पंचवटी_गेज
झिरोच्या अंतरावर काहीच नाही, पुढे बिघडतं. स्कोप नळीच्या ५ सेमी वर आणि कल ३ डिग्री असेल, तर रेटिकल उभं धरल्यावर नळी २.६ मिमी बाजूला जाते. १० मीटरला झिरो केलं तर २० मीटरला छर्रा तेवढाच दुसऱ्या बाजूला.

निफाड_बाग
द्राक्षातली पाखरं मारायला घेतली असेल तर १९७२चा वन्यजीव कायदा आठवा. जाळी टाका. आणि लायसन काढलं का?

सातपूर_फिटर
.१७७ आणि छर्र्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल तर लायसन लागत नाही. जाळीचा धागा वेगळा काढा, दादा.

वैतागलेला_नाशिककर
रिंगची फट एकीकडे मिटलेली, दुसरीकडे चांगली दिसत होती. सारखी केली, रेघ दोरीला जुळली. पण आता टरेटचे उंचीचे क्लिक (फिरवायचे टप्पे) संपले तरी छर्रा खालीच!

पंचवटी_गेज
ब्रेक बॅरलची नळी बऱ्याचदा पुढे थोडी झुकलेली असते. मागच्या रिंगमध्ये ट्यूबखाली जुन्या फोटो निगेटिव्हची पट्टी घाला.

सातपूर_फिटर
एखादी पट्टी ठीक. थर चढवले तर ट्यूब वाकते आणि क्लिक कुठलेही कुठे जातात. जास्त फरक असेल तर ड्रूप माउंटच (झुकलेल्या नळीसाठीची, कल दिलेली बैठक) घ्या. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिक १० मीटरला जेमतेम ०.७ मिमी हलवतो. किती मिमी खाली लागतंय ते मोजून सांगा. आणि स्प्रिंग रायफल पुढे-मागे दोन्हीकडे झटका देते, त्याने माउंट (रिंगांची बैठक) मागे सरकतो. स्टॉप पिन रेलच्या भोकात बसवलीय ना? स्कोप एअरगनसाठीचा आहे ना? साध्या स्कोपचं रेटिकल तुटू शकतं.

वैतागलेला_नाशिककर
स्टॉप पिन कुठली?