मदत हवी आहे: आजोबांचं जर्मन लेथ मशीन युद्धभरपाईतलं असेल का?

नमस्कार मंडळी,

माझे आजोबा पुण्याजवळच्या एका सरकारी कारखान्यात टर्नर होते. त्यांच्या खात्यात एक जर्मन लेथ होतं आणि सगळे त्याला 'लढाईत जिंकलेलं' म्हणायचे. लहानपणी मला ती थाप वाटे. गेल्या महिन्यात १९४६ चा पॅरिस करार, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीकडून मिळणारी भरपाई वाटून घेण्याचा करार, वाचायला घेतला, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

जानेवारी १९४६ मध्ये १८ देशांनी त्यावर सह्या केल्या, त्यात भारतही होता. आपण अजून पारतंत्र्यात, तरी हिस्सा वेगळा! जर्मनीच्या पश्चिम भागातले कारखाने आणि जहाजं 'ब' गटात, बाकी सगळी मालमत्ता 'अ' गटात. भारताला 'अ' मध्ये २ टक्के, 'ब' मध्ये २.९० टक्के. अमेरिकेचं नेमकं उलटं, 'अ' मध्ये २८ आणि 'ब' मध्ये ११.८०. वाटपासाठी ब्रुसेल्सला एक संस्था नेमली होती.

टक्केवारी समजली, पण कारखाना काही भाकरीसारखा मोडून वाटता येत नाही. मागणाऱ्या देशाची गरज किती निकडीची आहे आणि त्याच्या अर्थव्यवस्थेत तो कारखाना कसा बसेल, हे बघून द्यायचं, असं करारात आहे. मग एकाच कारखान्यावर चार देशांनी बोट ठेवलं तर? यंत्रं सुटी करून वेगवेगळ्या देशांना देत का? आणि जुन्या, बॉम्बने हादरलेल्या यंत्राची किंमत त्या देशाच्या खात्यावर कशी मांडत? माझं घोडं इथेच अडलंय.

शिवाय मे १९४६ मध्येच जर्मनीतले अमेरिकी लष्करी अधिकारी जनरल क्ले यांनी आपल्या ताब्यातल्या विभागात भरपाईसाठी कारखाने सुटे करण्याचं काम थांबवलं, १९४७ मध्ये ब्रिटिश-अमेरिकी विभागांतल्या अशा कारखान्यांची यादी ६८२ वर आणली गेली आणि नोव्हेंबर १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीबरोबर झालेल्या पीटर्सबर्ग करारात आणखी नावं वगळली गेली. म्हणजे भारतात जे आलं असेल ते बहुधा याच तीन-चार वर्षांत निघालं असणार. आजोबा १९५१ साली नोकरीला लागले, तेव्हा ते यंत्र तिथे होतं, एवढं घरात सगळ्यांना पक्कं आठवतं.

युद्धभरपाईतलं यंत्र आणि नंतर रोख पैसे मोजून घेतलेलं यंत्र, हा फरक कागदोपत्री कसा ओळखायचा? राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर कोणत्या खात्याच्या फायली चाळू, संरक्षण की उद्योग? कुणाच्या वडिलांनी, आजोबांनी अशा यंत्रांवर काम केलं असेल तर कृपया लिहा. नेमप्लेटचा जुना फोटो असेल तर फारच उपकार होतील. आमच्याकडे एकही नाही.